फ्रान्झिस्का येगरश्टेटर (१९१३–२०१३) : एका शेतकरी स्त्रीचे जीवन आणि तिचा पत्रव्यवहार

१. प्रश्नाची मांडणी

हिटलरच्या सैन्यात शस्त्र हाती घेण्यास धर्मविवेकाच्या आधारे नकार देणारा ऑस्ट्रियन शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर याचा ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे शिरच्छेद करण्यात आला. त्या वेळी तो छत्तीस वर्षांचा होता. पुढे त्याचे नाव शांततावादी चळवळींच्या आणि विवेकस्वातंत्र्याच्या साहित्यात मानाने घेतले जाऊ लागले. २६ ऑक्टोबर २००७ रोजी कॅथलिक चर्चने लिंझ येथील महामंदिरात त्याला रक्तसाक्षी या नात्याने 'धन्य' घोषित केले. त्याच्यावरील लेखनात त्याची पत्नी फ्रान्झिस्का हिचा उल्लेख बहुधा दोन ठिकाणी येतो. विवाहानंतर तिच्यामुळे त्याची धर्मश्रद्धा दृढ झाली हे एक, आणि मृत्यूनंतर त्याची स्मृती तिने जपली हे दुसरे. या दोन वाक्यांच्या मधली आणि नंतरची जागा मात्र बराच काळ रिकामी राहिली.

कालगणनाच या रिकामेपणाकडे लक्ष वेधते. या दांपत्याचा विवाह ९ एप्रिल १९३६ रोजी झाला. म्हणजे सहजीवन केवळ सात वर्षे चार महिन्यांचे, आणि त्यातलेही कित्येक महिने सैन्यातील प्रशिक्षणात व तुरुंगात गेलेले. फ्रान्झिस्काचे वैधव्य मात्र सुमारे सत्तर वर्षांचे होते. १६ मार्च २०१३ रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण केल्यानंतर बारा दिवसांनी, तिचे निधन झाले. फ्रान्झने घेतलेल्या निर्णयाची किंमत त्याने एका दिवसात चुकती केली. फ्रान्झिस्काने ती शेतावर, घरात, चर्चमध्ये आणि गावाच्या नजरेसमोर आयुष्यभर फेडली.

मराठी ख्रिस्ती परिभाषेतील 'रक्तसाक्षी' हा शब्द येथे विचारास उपयोगी पडतो. युरोपीय भाषांत हुतात्म्यासाठी रूढ असलेला शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ केवळ 'साक्षीदार' असा आहे. मराठी शब्दाने त्यातील रक्त आणि साक्ष हे दोन्ही घटक वेगळे दिसतील असे ठेवले आहेत. त्यामुळे एक प्रश्न सहज विचारता येतो : ज्या साक्षीत रक्त नाही, पण काळ आणि श्रम आहेत, तिचे वाचन कसे करावयाचे? फ्रान्झिस्काचा पत्रव्यवहार आणि त्याच्या संपादनाचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास पुरेशी सामग्री देतो.

२. होखबुर्ग ते सांक्ट राडेगुंड

फ्रान्झिस्का श्वानिंगर हिचा जन्म ४ मार्च १९१३ रोजी उत्तर ऑस्ट्रियातील होखबुर्ग या गावी एका श्रद्धाळू शेतकरी कुटुंबात झाला. हा इन्फिएर्टल नावाने ओळखला जाणारा प्रदेश बव्हेरियाच्या सीमेला लागून आहे. लहान शेते, गोठा, कुरण आणि चर्चच्या सणांनी आखलेले वर्ष हे तेथील ग्रामजीवनाचे स्वरूप होते. हिटलरचे जन्मगाव ब्राउनाऊ हेही याच प्रदेशातले. विवाहानंतर फ्रान्झिस्का ज्या सांक्ट राडेगुंड गावी गेली, ते झाल्ट्साख नदीच्या काठचे अगदी छोटे गाव. या भागात शेतघरालाच एक नाव असते आणि कुटुंब गावात त्या नावाने ओळखले जाते. येगरश्टेटर यांचे घर 'लेहरबाउअर' म्हणून ओळखले जाई.

फ्रान्झ हा एका अविवाहित मोलकरणीचा मुलगा. आईचा पुढे विवाह झाल्यावर सावत्र वडिलांनी त्याला दत्तक घेतले आणि त्यांच्याकडून १९३३ मध्ये त्याला हे शेत मिळाले. तरुणपणी काही वर्षे त्याने आइझनएर्झ येथील लोखंडाच्या खाणीत काम केले. गावात मोटरसायकल आणणारा तो पहिला. त्याच्या तारुण्यातील दांडगाईच्या कथा गावकरी पुढे सांगत असत. त्याचा विवाह पवित्र गुरुवारी पहाटे झाला. त्या दिवशी मेजवानी आणि नाचगाणे शक्य नव्हते. विधी आटोपताच हे दांपत्य रोमच्या यात्रेला निघाले, आणि ही यात्रेची कल्पना फ्रान्झिस्काची होती.

यानंतर फ्रान्झमध्ये दिसून आलेला बदल गावाने एका सोप्या सूत्रात बसविला : देवभोळ्या बायकोने नवऱ्याला बदलले. १९४३ नंतर हेच सूत्र आरोपात रूपांतरित झाले. बायकोने त्याला इतके धार्मिक केले नसते तर तो जिवंत राहिला असता, असे म्हटले जाऊ लागले. हे सूत्र संतचरित्रांतील 'पतीला तारणारी पत्नी' या आदर्शाशी जुळते, तसेच 'पतीला बिघडविणारी पत्नी' या लोकसमजुतीशीही जुळते. दोन्हींत स्त्री हे केवळ कारण असते. तिचा स्वतःचा विचार कोणी विचारात घेत नाही. फ्रान्झिस्काने उतारवयात दिलेल्या मुलाखतींत हे सूत्र नाकारले. आम्ही श्रद्धेच्या वाटेवर एकमेकांना पुढे नेले, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. दोघे मिळून प्रार्थना करीत आणि बायबल वाचीत. विवाह इतका सुंदर असू शकतो याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असे फ्रान्झ म्हणत असे, हेही तिनेच सांगितले आहे. १९३७, १९३८ आणि १९४० या वर्षी त्यांना तीन मुली झाल्या.

३. पत्रांतील शेत

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. १० एप्रिल रोजी झालेल्या सार्वमतात सांक्ट राडेगुंडमध्ये विरोधी मत देणारा फ्रान्झ एकटाच होता. गावाचा निकाल मात्र एकमुखी असल्याचे कळविण्यात आले. जून १९४० मध्ये त्याला सैन्यात बोलाविण्यात आले आणि गावच्या महापौरांच्या खटपटीने काही दिवसांत त्याची सुटका झाली. ऑक्टोबर १९४० ते एप्रिल १९४१ या काळात त्याला पुन्हा प्रशिक्षणासाठी जावे लागले. २३ फेब्रुवारी १९४३ रोजी शेवटचे बोलावणे आले. १ मार्च रोजी एन्स येथे हजर होऊन त्याने लढण्यास नकार दिला. त्यानंतर लिंझचा लष्करी तुरुंग, मे महिन्यापासून बर्लिनमधील टेगेलचा तुरुंग, आणि ६ जुलै रोजी सर्वोच्च लष्करी न्यायालयाची देहदंडाची शिक्षा असा क्रम आहे. पती-पत्नींचा पत्रव्यवहार या विरहाच्या काळातला आहे.

ही पत्रे प्रथम वाचणाऱ्यास त्यांतील विषयांचा साधेपणा जाणवतो. गवत कापणी, पेरणी, गुरे, हवामान, मुलींची दुखणी आणि खोड्या, सासूबाईंची प्रकृती, चर्चमधील सण, घरून पाठविलेल्या खाण्याच्या पुडक्यांची पोच, असा त्यांचा मजकूर. शिक्षेच्या छायेत लिहिलेल्या पत्रांत मोठ्या विधानांची अपेक्षा करणाऱ्या अभ्यासकाला हा मजकूर बाजूला सारण्याचा मोह होतो. तो आवरावयास हवा, आणि त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण तुरुंगातील तपासणीचे. पत्रे इतरांच्या नजरेखालून जात होती. युद्धाविषयी किंवा राज्यकर्त्यांविषयी मोकळेपणाने लिहिणे शक्य नव्हते. शेताविषयी लिहिता येत होते. त्यामुळे शेत हीच या दोघांची उरलेली सामायिक भाषा झाली. पेरणी कशी झाली हे सांगताना 'घर चालू आहे' हेही सांगितले जाते, आणि तुरुंगातील माणसाला त्याच्या निर्णयामुळे घर कोसळले नाही ही ग्वाही मिळते.

दुसरे कारण श्रमविभागणीचे. फ्रान्झच्या गैरहजेरीत शेताचा सारा कारभार फ्रान्झिस्कावर आला. पुरुषाच्या वाट्याची नांगरणी व कापणी, गोठा, तीन लहान मुली आणि म्हातारी सासू यांचा भार तिने उचलला. फ्रान्झच्या पत्रांत तिच्यावर पडणाऱ्या या कामाची खंत पुन्हा पुन्हा येते. इतके राबू नकोस, असा सल्लाही येतो. त्याचा नकार हा कागदावर एका माणसाचा नकार असला तरी व्यवहारात तो तिच्या हातांवर उभा होता. तिने शेत सोडले असते, किंवा पत्रांतून हतबलतेचा सूर लावला असता, तर त्याच्या निर्धारावर काय परिणाम झाला असता हे सांगण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही.

तिसरे कारण धर्मभाषेचे. येथील ग्रामीण कॅथलिक जीवनात शेतीचे वर्ष आणि चर्चचे वर्ष एकमेकांत विणलेले होते. ईस्टर, पेंटेकॉस्ट, कॉर्पस ख्रिस्ती हे सण पत्रांत तारखांच्या जागी येतात. म्हणूनच या पत्रांत शेताचे वर्तमान आणि प्रार्थना एकाच वाक्यात आल्या तर ते शैलीचे विस्कळीतपण ठरत नाही. लिहिणाऱ्या स्त्रीच्या अनुभवात त्या वेगळ्या नव्हत्याच.

याच काळातील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन छोट्या मुली उभ्या आहेत आणि त्यांच्यापाशी 'प्रिय बाबा, लवकर या' अशा अर्थाची पाटी आहे. हे छायाचित्र फ्रान्झला तुरुंगात पाठविण्यात आले. त्याने धीर येतो की धीर खचतो हे ठरविणे कठीण. फ्रान्झिस्काच्या पत्रांतही हाच ताण आहे. तो परत यावा ही इच्छा तिने लपविली नाही, आणि त्याने विवेक मोडून परत यावे असेही लिहिले नाही.

४. संमती आणि सोबत

फ्रान्झिस्काला पतीचा निर्णय मान्य होता काय, हा प्रश्न चरित्रकारांनी अनेकदा विचारला आहे. याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' या शब्दांत देता येत नाही. आरंभी तिने त्याला जीव धोक्यात घालू नये म्हणून विनविले होते. त्याच्या आईने नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्याचे मन वळविण्यास सांगितले होते. गावचे धर्मगुरूही त्याला परावृत्त करू पाहत होते. लिंझ धर्मप्रांताची धुरा सांभाळणारे बिशप फ्लीसर यांचा सल्ला त्याने घेतला, तेव्हा फ्रान्झिस्का त्याच्याबरोबर लिंझला गेली होती, पण भेटीच्या दालनात ती नव्हती. युद्धाच्या न्याय्यतेचा निवाडा करणे हे तुमचे काम नव्हे, तुमची जबाबदारी कुटुंबाची आहे, असे बिशपांचे मत पडले. बाहेर आलेला फ्रान्झ खिन्न होता, ही आठवण इतिहासाला तिच्याकडून मिळाली आहे.

'कुटुंबाची जबाबदारी' हा युक्तिवाद येथे विशेष लक्षात घ्यावयास हवा. घर, पत्नी आणि मुली यांचे नाव पुढे करून फ्रान्झला गप्प करण्याचा प्रयत्न सर्वांनी केला. ज्या पत्नीच्या नावाने हा युक्तिवाद चालला होता, ती मात्र तो वापरण्याचे थांबली. सगळेच त्याच्याशी भांडू लागल्यावर आपण त्याला विनविणे सोडून दिले. आपण त्याच्या बाजूने उभ्या राहिलो नसतो तर त्याला कोणीच उरले नसते, असे तिने पुढे सांगितले. या कथनात सिद्धांत नाही, आज्ञाधारक पत्नीची शरणागतीही नाही. माणूस एकटा पडू नये, एवढाच निकष तिने लावला. विवेकाच्या इतिहासात 'नकार' या कृतीची भरपूर चर्चा झाली आहे. 'सोबत' या कृतीची तेवढी झालेली नाही.

शिक्षा झाल्यानंतर जुलै १९४३ मध्ये तिला बर्लिनला जाऊन पतीला भेटता आले. बरोबर गावचे तरुण धर्मगुरू फ्युर्टहाउअर होते. भेट घडविण्यामागे न्यायालयाने नेमलेल्या वकिलाचा हेतू असा होता, की पत्नीला पाहून आरोपी माघार घेईल. भेट सुमारे वीस मिनिटांची होती. धर्मगुरूंनी त्याचे मन वळविण्याचा प्रयत्न केला. फ्रान्झने माघार घेतली नाही. वैद्यकीय सेवा करण्याची तयारी त्याने आधीच दर्शविली होती, पण ती स्वीकारण्यात आली नव्हती. ही या दांपत्याची शेवटची भेट ठरली.

मृत्यूनंतर टेगेलचे तुरुंग-धर्मगुरू क्रॉइट्सबेर्ग यांना सप्टेंबर १९४३ मध्ये तिने लिहिलेले पत्र तिच्या लेखनातील सर्वांत महत्त्वाचे मानावे लागेल. त्यात ती चांगला पती आणि मुलींचा चांगला पिता गमावल्याचे लिहिते. आपला संसार गावातील सर्वांत सुखी संसारांपैकी एक होता आणि लोकांना त्याचा हेवा वाटत असे, असेही सांगते, आणि जेथे युद्ध ताटातूट करू शकणार नाही अशा ठिकाणी पुनर्भेटीची आशा व्यक्त करते. पतीच्या थोरवीविषयी त्यात एकही घोषणावजा वाक्य नाही. हुतात्म्याच्या जागी तिने पती ठेवला आहे. वेदनेचे मोजमाप तिने संसारसुखाच्या मापाने केले, आणि त्यामुळेच गमावलेल्याचा आकार वाचकाला कळतो.

५. वैधव्याचा सामाजिक इतिहास

१९४५ नंतर राजवट बदलली. गावाची नजर तितक्या वेगाने बदलली नाही. गावातील अनेक घरांतील पुरुष आघाडीवर मारले गेले होते. लढण्यास नकार देऊन मेलेल्या माणसाचा गौरव हा आपल्या मृतांचा अवमान आहे, अशी भावना त्या घरांत होती. १९४६ मध्ये ब्रांडेनबुर्गहून अस्थिकलश आला आणि ९ ऑगस्ट रोजी सांक्ट राडेगुंडच्या चर्चच्या भिंतीलगत त्याचे दफन झाले. त्याच वर्षी फ्रान्झविषयीचा मजकूर धर्मप्रांताच्या पत्रात छापण्यास बिशप फ्लीसर यांनी अनुमती दिली नाही. आपले कर्तव्य बजावताना मेलेले सैनिक हेच अधिक अनुकरणीय, अशी त्यांची धारणा होती.

शासनाची भूमिकाही निराळी नव्हती. नाझी राजवटीच्या बळींच्या कुटुंबीयांना मिळणारे निवृत्तिवेतन फ्रान्झिस्काला प्रथम नाकारण्यात आले. तिच्या पतीची कृती स्वतंत्र लोकशाही ऑस्ट्रियासाठीच्या लढ्यात मोडत नाही, असे कारण देण्यात आले. वैयक्तिक धर्मविवेकाला राज्याच्या व्याख्येत जागा नव्हती. १९५० मध्ये ते वेतन मंजूर झाले. मधली वर्षे शेतानेच कुटुंब जगविले.

याच काळातील एक वस्तुस्थिती फारशी चर्चिली जात नाही. १९४१ मध्ये फ्रान्झने गावच्या चर्चची देखभाल करणाऱ्या सेवकाचे काम स्वीकारले होते. चर्च उघडणे, घंटा वाजविणे, वेदीची व्यवस्था पाहणे, मिस्साची तयारी करणे, असे हे काम. त्याच्यानंतर ते फ्रान्झिस्काने हाती घेतले. ज्या गावात तिच्या कुटुंबाविषयी अढी होती, त्याच गावाला प्रार्थनेसाठी बोलावणारी घंटा वाजविण्याचे काम तिच्याकडे होते. या सेवेचा अर्थ लावताना अतिरेक टाळावयास हवा. तरीही गाव सोडून न जाता, वादही न घालता, रोजच्या कामातून आपली जागा टिकविण्याची ही रीत तिच्या पत्रांच्या रीतीशी जुळते.

६. संपादनाचा इतिहास

फ्रान्झची कथा जगापुढे आणली ती अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॉर्डन झान यांनी. जर्मन कॅथलिकांच्या युद्धकालीन वर्तनाचा अभ्यास करताना त्यांना या शेतकऱ्याचा माग लागला, आणि सांक्ट राडेगुंड येथे जाऊन, गावकऱ्यांशी बोलून त्यांनी लिहिलेले 'इन सॉलिटरी विटनेस' हे चरित्र १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकाचा अर्थ 'एकाकी साक्ष'. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत हे पुस्तक वाचले गेले. गाव, चर्च आणि राज्य यांच्या संदर्भात ही साक्ष एकाकी होती, हे खरे. पण या शीर्षकाने घरातील दुसऱ्या साक्षीदाराला नकळत वगळले.

ही उणीव पुढे संपादनाच्या पातळीवर भरून निघत गेली. ऑस्ट्रियन धर्मशास्त्रज्ञ एर्ना पुट्झ यांनी १९८५ मध्ये चरित्र आणि १९८७ मध्ये फ्रान्झची तुरुंगातील पत्रे व टिपणे प्रसिद्ध केली. तेव्हा वाचकापुढे मुख्यतः एक बाजू होती. २००७ मध्ये त्यांनीच पती-पत्नींचा समग्र पत्रव्यवहार प्रकाशित केला, आणि २००९ मध्ये इंग्रजी अनुवाद आला. पाठसमीक्षेच्या दृष्टीने हा बदल मूलभूत आहे. एकाच बाजूची पत्रे वाचली की ती स्वगतासारखी वाटतात. उत्तरे समोर आली की कळते, फ्रान्झची कित्येक वाक्ये प्रश्नाला दिलेले उत्तर आहेत, कित्येक समजावणीच्या सुरातली आहेत, आणि काही तिच्याकडून आलेला धीर परत करणारी आहेत.

दरम्यान ७ मे १९९७ रोजी बर्लिनच्या न्यायालयाने फ्रान्झची शिक्षा रद्दबातल ठरविली. २००७ च्या लिंझ येथील सोहळ्याला चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का मुलींसह उपस्थित होती. टेरेन्स मॅलिक यांच्या 'अ हिडन लाइफ' (२०१९) या चित्रपटात दोघांच्या पत्रांना निवेदनाचे स्थान मिळाले. त्याचे शीर्षक जॉर्ज इलियट यांच्या 'मिडलमार्च' कादंबरीच्या अखेरच्या वाक्यावरून घेतलेले आहे. इलियट यांचे ते वाक्य डोरोथिया या स्त्रीच्या अप्रसिद्ध आयुष्याचा हिशेब मांडताना येते. फ्रान्झचे नाव वेदीवर पोहोचल्यावर हे शीर्षक त्याच्याहून फ्रान्झिस्काला अधिक लागू पडते.

७. तुलनेची एक दिशा

पतीच्या धर्मविवेकाने उलथून टाकलेल्या संसाराची कथा मराठी वाचकाला अपरिचित नाही. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतरची ताटातूट, संताप आणि स्वतःच्या वेगाने झालेले मनःपरिवर्तन लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' (१९३४–१९३६) या आत्मकथनात सांगितले. दोन्ही प्रसंगांतील धर्मभूमी, समाज आणि परिणाम भिन्न आहेत. साम्य आहे ते निर्णयाच्या असमान वाटणीत. निर्णय पतीचा, परिणाम दोघांचा. मात्र लक्ष्मीबाईंना मागे वळून पाहण्याचा अवकाश आणि आत्मकथनाचा साहित्यप्रकार मिळाला. त्यामुळे पतीच्या थोरवीकडे त्या मिस्किल नजरेने पाहू शकल्या. फ्रान्झिस्काने आत्मचरित्र लिहिले नाही. तिच्या हाती होते ते पत्र. पत्राला पुढे काय होणार हे ठाऊक नसते. म्हणून स्त्रियांच्या आत्मपर लेखनाचा तौलनिक अभ्यास केवळ आत्मचरित्रांवर उभारला, तर फ्रान्झिस्कासारख्या असंख्य लिहित्या शेतकरी स्त्रिया अभ्यासाच्या बाहेर राहतात.

वरील विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. फ्रान्झिस्का येगरश्टेटर हिचे जीवन हे एका थोर नकाराचे परिशिष्ट नव्हे. नकार शक्य करणारे घर, त्या घराचे श्रम, सर्वांनी सोडलेल्या माणसाला दिलेली सोबत आणि त्यानंतर त्याच गावात काढलेली सात दशके, हे सारे त्याच साक्षीचे भाग आहेत. तिच्या पत्रांतील गवताची, गुरांची आणि मुलींची वाक्ये ही त्या साक्षीची भाषा आहे. ती किरकोळ मानून वगळली, तर फ्रान्झची वाक्येही अर्धीच कळतात.